किल्ली कनवटीलाच हवी

गेल्या महिन्यात कनेरगाव नाक्याला आमच्या गटांची एकत्र बैठक झाली. विषय चार होते. मिरची कांडपाच्या यंत्राची दुरुस्ती, दिवाळीच्या मालाचा हिशेब, नवीन सभासद आणि शेवटचा विषय, 'ऑनलाइन कामासाठी अर्धवेळ तज्ज्ञ नेमणे'. पहिले तीन विषय अर्ध्या तासात उरकले. चौथ्याला दोन तास लागले आणि तरीही निर्णय झाला नाही. तो पुढच्या बैठकीवर ढकलला. मधल्या दिवसांत या विषयावर जे काही मनात आलं, ते सगळ्या मैत्रिणींपुढे ठेवावं म्हणून हे लिहिते आहे. कारण हा प्रश्न एकट्या आमचा नाही. बायकांचा पैसा, बायकांचे श्रम आणि बायकांचं नाव असलेला जो जो धंदा आज फोनवर आला आहे, त्या प्रत्येकीपुढे तो आज ना उद्या येणार आहे.

प्रस्ताव असा होता. मोठ्या कंपनीत पंधरा-वीस वर्षं हेच काम केलेली एखादी व्यक्ती आपल्या ऑनलाइन व्यवहाराची प्रमुख म्हणून नेमायची. पूर्ण वेळ नाही. महिन्यातले चार दिवस तिने आपल्याला द्यायचे, त्यातला एक इथे येऊन, बाकीचे तीन फोनवर आणि कॉम्प्युटरवर. उरलेल्या दिवसांत ती आणखी दोन-तीन धंद्यांचं असंच काम बघणार. शहरात याला 'फ्रॅक्शनल' प्रमुख म्हणतात. म्हणजे मोठ्या अधिकाऱ्याचा आपल्याला परवडेल तेवढाच हिस्सा घ्यायचा. नाव नवीन, पण चाल जुनीच आहे. एकच मुनीम तीन-चार दुकानांच्या वह्या लिहितो, हे मोंढ्यात आपण लहानपणापासून बघत आलो. त्या मुनिमाचाच हा नवा अवतार.

मोबदला ठरला होता महिन्याला अठरा हजार. आकडा ऐकून सगळ्या गप्प झाल्या. मग आमच्यातल्या सर्वांत वडील काकू म्हणाल्या, "चार दिसाचे अठरा हजार? आन् आपली पोरगी महिनाभर फोन कानाला लावून बसती, तिला अडीच हजार?" ती पोरगी तिथेच वही घेऊन बसली होती. तिने मान खाली घातली. त्यानंतरचे दोन तास खरं तर या एकाच वाक्यावर गेले.

बाहेरगावच्या वाचक मैत्रिणींसाठी थोडं गावाबद्दल सांगते. हिंगोलीहून वाशिमला जाताना पैनगंगेच्या अंगाला आमचं गाव लागतं. इथे मराठवाडा संपतो आणि वऱ्हाड सुरू होतो. १७ सप्टेंबर १९४८ ला हैद्राबाद संस्थान मुक्त होईपर्यंत अलीकडे निजामाचं राज्य होतं आणि पलीकडे, देश स्वतंत्र होईपर्यंत, इंग्रजी अमलातला वऱ्हाड. ती हद्द पुसली गेली, पण गावाच्या नावातला नाका तसाच राहिला. आज रस्त्यावरून अकोला-नांदेड वाहतूक धावते, पूर्णा-अकोला रेल्वेचं स्टेशन आहे, आणि शिवारात सोयाबीन, तूर आणि हळद आहे. आमचा जिल्हा हळदीचा. हिंगोलीच्या संत नामदेव मार्केट यार्डात हळदीचं बीट होतं, आणि वसमतच्या हळदीला २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळालं.

ही हळद पेरणीपासून पोत्यात जाईपर्यंत जवळजवळ वर्ष खाते. बेणं लावण्यापासून खुरपणीपर्यंत आणि काढणीनंतर वेचणी-मोडणीपर्यंत ती बायकांच्या हातून जाते. साधारण पाच क्विंटल ओल्या हळदीची शिजवून, वाळवून एक क्विंटल होते. पण बीटात जेव्हा भाव पुकारला जातो तेव्हा तिथे बायका नसतात. पट्टी घेऊन घरी येतो तो घरधनी. म्हणूनच आम्ही ठरवलं, की आपल्या वाट्याची थोडी हळद तरी आपणच दळायची, आपणच पाकिटात भरायची आणि आपणच विकायची. सुरुवात गावातल्या आणि वाशिमच्या बाजारापासून झाली. मुंबईच्या महालक्ष्मी सरस प्रदर्शनात आमच्यातल्या दोघी जाऊन आल्या. तिथल्या गिऱ्हाइकांनी नंबर घेतले आणि फोनवर मागणी सुरू झाली. पाठोपाठ पुणे आलं, नाशिक आलं आणि हैद्राबादही आलं, कारण इकडच्या कितीतरी घरांचे पाहुणे तिकडे आहेत. धंदा फोनवर आला तो असा. कुणी ठरवून आणला नाही.

आता हे 'ऑनलाइन काम' म्हणजे नेमकं काय, हे समजून घ्यायला हवं. बैठकीत बऱ्याच जणींचा समज असा होता, की फोटो काढायचे, व्हॉट्सॲपवर टाकायचे आणि आलेली मागणी वहीत लिहायची. तेवढंच असतं तर चार दिवसांचे अठरा हजार द्यायला मीही विरोध केला असता. पण हे काम वरचं आहे, दिसणारं आहे. खालचं काम म्हणजे निर्णय. मोठ्या संकेतस्थळावर माल ठेवायचा, की स्वतःचं दुकान उघडायचं? त्यांची दलाली, डबा, पोचवणावळ आणि परत आलेला माल धरून पाव किलोच्या पाकिटाची किंमत काय ठेवली तर हातात काही उरेल? महाराष्ट्राबाहेर एक पाकीट पाठवायचं तरी जीएसटीची नोंदणी लागते. राज्यातल्या राज्यात अशा संकेतस्थळांवरून विकणाऱ्या लहान विक्रेत्यांना १ ऑक्टोबर २०२३ पासून त्यातून सूट मिळाली आहे. मग हैद्राबादची गिऱ्हाइकं ठेवायची की सोडायची? कुणी येऊन सांगतं, पन्नास हजारांत वेबसाइट करून देतो. ती घ्यायची का? बहुतेक वेळा घ्यायची नसते. पण 'नको' म्हणायला त्यातलं कळावं लागतं, आणि ते कळणाऱ्या माणसाची किंमत असते.

तेव्हा माझं पहिलं मत स्पष्ट सांगते. असा जाणता माणूस नेमावा. पूर्ण वेळेचा पगार आपल्याला झेपणार नाही, म्हणून अर्धवेळच नेमावा. आपला धंदा लहान आहे म्हणून आपल्याला सल्लाही लहानच पुरेल, ही समजूत सोडून द्यायला हवी. बायकांच्या धंद्याला नेहमी उरलंसुरलं मिळत आलं आहे. उरलेली जागा मिळते, उरलेलं कर्ज मिळतं आणि ज्याला दुसरीकडे काम मिळत नाही असा माणूस मिळतो.

हे मी अनुभवावरून म्हणते, आणि त्या अनुभवात माझीही चूक आहे. दोन वर्षांपूर्वी असाच एक मुलगा एका संस्थेच्या ओळखीने आमच्याकडे आला होता. हुशार होता, गोड बोलायचा, आम्हा सगळ्यांना मावशी म्हणायचा. त्याने आमच्या मालाचं पान उघडलं, नकाशावर आमचं नाव चढवलं, पाकिटांचा मजकूर करून दिला. सगळं करताना त्याने स्वतःचा ई-मेल आणि स्वतःचा मोबाइल नंबर घातला. मी तेव्हा सचिव होते. कागदावर सही माझी आहे. नंबर कोणाचा आहे, हे विचारावं असं मनात आलं होतं. पण आपण विचारलं आणि प्रश्न अडाणीपणाचा निघाला तर, या लाजेने मी गप्प बसले. आठ महिन्यांनी त्याला शहरात नोकरी लागली आणि तो गेला. त्याच्या नंबरावर मागण्या येत राहिल्या, आणि आमच्याकडे छापलेली दोन हजार पाकिटं पडून होती ज्यांच्यावर तो नंबर होता. पान परत मिळवायला पैसे मागितले गेले. आम्ही दिले नाहीत. दिवाळीच्या तोंडावर आठ-दहा बायका रात्र रात्र बसून प्रत्येक पाकिटावर नव्या नंबराची चिठ्ठी चिकटवत होत्या. त्या रात्रींची मजुरी कुठल्याही वहीत लिहिलेली नाही.

तो मुलगा चोर होता असं मी म्हणत नाही. त्याला कुणी नीट सांगितलं नव्हतं, आणि आम्ही विचारलं नव्हतं. पण त्यातून एक गोष्ट मला कळली. नाक्यावर माल अडतो तेव्हा माल कोणाचा आणि घाम कोणाचा याला काही अर्थ नसतो. फाटक उघडणारा ठरवतो. आज ते फाटक म्हणजे पासवर्ड, सिमकार्ड आणि ओटीपी. हे ज्याच्या हातात तो नाकेदार. मालकीण तुम्ही असा नाहीतर आणखी कोणी.

आणि इथे आपल्याला एक जुनी गोष्ट आठवायला हवी. १९९३ साली त्र्याहत्तरावी घटनादुरुस्ती अमलात आली आणि ग्रामपंचायतीत एक तृतीयांश जागा बायकांना मिळाल्या. २०११ पासून महाराष्ट्रात निम्म्या जागा बायकांच्या झाल्या. जागा मिळाली, खुर्ची मिळाली, पण कितीतरी गावांत शिक्का नवऱ्याच्या खिशात राहिला. 'सरपंचपती' हा शब्द आपण सगळ्यांनी ऐकला आहे आणि त्याविरुद्ध आपण भांडलोही आहोत. आता बचत गटांत आणि कंपन्यांत 'ओटीपी-पती' तयार होतो आहे. खातं बाईच्या नावाने आणि नंबर नवऱ्याचा, पोराचा, नाहीतर पगारी माणसाचा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत देशातल्या दर तीन स्त्रियांपैकी जेमतेम एकीने कधी तरी इंटरनेट वापरल्याचं सांगितलं होतं. पुरुषांत हे प्रमाण निम्म्याहून जास्त होतं. ज्या घरात फोन एकच आहे तिथे तो कोणाच्या खिशात असतो, हे वेगळं सांगायला नको. अशा परिस्थितीत डिजिटल कामाचा प्रमुख बाहेरून येतो, तेव्हा तो फक्त कामाला येत नाही. नकळत सत्ताही त्याच्याकडे जाते.

म्हणून बाहेरचा माणूस नकोच, असं काही जणी म्हणाल्या. मला ते पटत नाही. बाहेरचा सल्ला घेऊनही मालकी हातात ठेवता येते, याची उदाहरणं आपल्याच महाराष्ट्रात आहेत. १५ मार्च १९५९ ला गिरगावात सात बायकांनी ऐंशी रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. त्यातून लिज्जत पापडची संस्था उभी राहिली. त्यांच्या पाठीशी छगनलाल करमशी पारेख, म्हणजे छगनबाप्पा, होते. बायका सुरुवातीला दोन प्रतींचे पापड करत. एकच चांगल्या प्रतीचा करा, आणि हा धंदा आहे तर हिशेब चोख ठेवा, हा त्यांचा आग्रह. आजच्या भाषेत छगनबाप्पा हे अर्धवेळ वरिष्ठ सल्लागारच. पण संस्थेची सभासद फक्त बाईच होऊ शकते, हा नियम संस्थेने सोडला नाही. पुरुष तिथे पगारावर काम करतात. सल्ला घेतला, मालकी दिली नाही.

दुसरं उदाहरण साताऱ्याच्या माण तालुक्यातल्या म्हसवडचं. चेतना सिन्हा आणि तिथल्या बायकांनी बँक काढायची ठरवली तेव्हा सभासद अंगठा लावणाऱ्या आहेत म्हणून रिझर्व्ह बँकेने परवाना नाकारला. बायका रात्रीच्या वर्गात शिकल्या, आणि पुन्हा जाऊन अधिकाऱ्यांना म्हणाल्या की आम्हाला व्याजाचा हिशेब घाला आणि आमचं उत्तर तपासा. १९९७ साली माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली. त्यांनी लिहिता-वाचता येणारा एखादा पुरुष पुढे करून परवाना आणला नाही. येत नव्हतं ते शिकून घेतलं. आपल्याला वाट दाखवायला या दोन गोष्टी पुरेशा आहेत. जाणत्याला बोलवा, आणि तो बोलत असताना शिका.

आता काकूंच्या प्रश्नाकडे येते. कारण माझ्या मते खरा मुद्दा तोच आहे, आणि आम्ही सगळ्यांनी त्या दिवशी तो हसण्यावारी नेला.

'अर्धवेळ' या शब्दाचे दोन अर्थ आहेत आणि ते माणूस बघून बदलतात. वरच्या माणसाच्या बाबतीत अर्धवेळ म्हणजे त्याचा वेळ मौल्यवान आहे, थोडाच मिळतो, म्हणून जास्त किंमत द्या. बाईच्या बाबतीत अर्धवेळ म्हणजे तिचं हे खरं काम नाही, घरचं करून उरलेल्या वेळात करते, म्हणून किंमत कमी द्या. आणि किंमतही म्हणू नका, मानधन म्हणा. अंगणवाडीची योजना २ ऑक्टोबर १९७५ ला सुरू झाली. तेव्हापासून सेविका आणि मदतनीस मानधनावर आहेत. २००५ नंतर आशा आल्या, त्यांना तर स्वयंसेविकाच म्हटलं गेलं. सकाळी पोषण आहार, दुपारी नोंदवह्या, संध्याकाळी गृहभेटी, मध्येच मोबाइलवर माहिती भरायची, आणि वर कागदोपत्री हे अर्धवेळ काम! २५ एप्रिल २०२२ ला सर्वोच्च न्यायालयाने गुजरातच्या अंगणवाडी सेविकांच्या खटल्यात त्यांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे असा निकाल दिला, आणि हे काम अर्धवेळ आहे हे म्हणणं मान्य करता येणार नाही असंही सांगितलं. हे मान्य व्हायला शेहेचाळीस वर्षं लागली.

सरकार असं वागतं म्हणून आपण मोर्चे काढतो. मग आपल्याच गटात काय चाललं आहे? आमची लेखनिक मुलगी बारावी झालेली आहे. 'दोन तासांचं काम' म्हणून तिला अडीच हजार ठरवले. ती सकाळी मागण्या लिहून घेते, दुपारी पत्ते तपासते, पार्सल कुठे अडकलं त्याचा पाठपुरावा करते. रात्री दहा वाजता 'ताई, माझी हळद आली नाही' असा फोन येतो, तोही तीच घेते. माझ्या सांगण्यावरून तिने गेला आठवडाभर वेळ लिहून ठेवला. रोजचे सहा तास भरले. म्हणजे आम्ही, बायकांच्या हक्काबद्दल बोलणाऱ्या बायका, एका मुलीकडून सहा तास काम घेऊन दोन तासांचे पैसे देत होतो. आणि तज्ज्ञाला मात्र त्याच्या एकेका दिवसाचे पैसे मोजून देणार होतो. अठरा हजार जास्त आहेत की नाहीत यावर आम्ही भांडलो. अडीच हजार कमी आहेत हे एकट्या काकूंना दिसलं.

तज्ज्ञाचे आणि तिचे दर सारखे असावेत असं मी म्हणत नाही. अनुभवाची किंमत वेगळी असणार. पण मोजायची रीत दोघांना एकच हवी. त्याचे दिवस मोजता तर तिचे तास मोजा. त्याच्याशी लेखी करार करता तर तिच्याशीही करा. त्याच्या प्रवासाचा खर्च देता तर तिच्या फोनचा रिचार्ज द्या. हे आधी करू आणि मग तज्ज्ञ नेमू. पैसे दोन्हीला पुरत नसतील तर तज्ज्ञाचे चारऐवजी तीन दिवस घेऊ. तिचे तास कापायचे नाहीत.

तज्ज्ञ बाईच असावी का, हाही प्रश्न निघाला. शक्य असेल तर असावी, असं मला वाटतं. नांदेड, वाशिम, हिंगोलीसारख्या गावांत इंजिनिअर झालेल्या, पुण्या-बंगलोरला नोकरी केलेल्या, आणि बाळंतपण, नवऱ्याची बदली किंवा सासू-सासऱ्यांचं आजारपण यामुळे घरी बसलेल्या मुली मी पाहते. त्यांचा अनुभव वाया जातो आहे. महिन्याला चार दिवसांचं जबाबदारीचं काम त्यांना परत उभं राहायला उपयोगी पडेल. पण तिथेही सावध राहायला हवं. ती बाई आहे, घरीच तर असते, म्हणून अठराऐवजी दहा हजारांत येईल, असा विचार आमच्या बैठकीत एकीने बोलूनही दाखवला. हा विचार आपला नव्हे. आपल्याला कमी पैशात राबवणाऱ्यांचा तो विचार आहे, आणि तो आपल्या तोंडून बाहेर पडतो याची लाज वाटली पाहिजे.

बाई असो की पुरुष, माणूस पारखायची एक साधी कसोटी मी सुचवली आहे. आमच्याकडे पहिला उमेदवार आला तेव्हा प्रश्न आम्ही विचारत होतो आणि उत्तरं तो, खुर्च्या आणून ठेवायला आलेल्या एका सभासदाच्या नवऱ्याकडे बघून देत होता. त्याला कदाचित कळलंही नसेल. पुढच्या उमेदवाराला आपण सांगू, की माल परत आला तर आपलं किती नुकसान होतं, हे आमच्या काकूंना पंधरा मिनिटांत समजावून सांगा. काकूंना समजलं तर नेमू. ज्याला सोपं करून सांगता येत नाही तो आपल्याला कायम त्याच्यावर अवलंबून ठेवणार.

कायद्याबद्दलही दोन शब्द. आमचे गट मिळून पुढे उत्पादक कंपनी करावी असा विचार चालू आहे. ही तरतूद आपल्याकडे २००३ पासून आहे. प्रत्येक सभासद बाईला, शेअर कितीही असोत, एकच मत, ही तिची चांगली बाजू. पण त्याच कायद्यात असंही आहे, की अशा कंपनीला पूर्णवेळ मुख्य कार्यकारी अधिकारी नेमावाच लागतो, आणि तो सभासदांपैकी असता कामा नये. म्हणजे रोजचा कारभार बघणारा माणूस कायद्यानेच बाहेरचा येणार. अर्धवेळ डिजिटल प्रमुख त्याची जागा घेऊ शकत नाही. तेव्हा पगारी माणसांकडून काम कसं करून घ्यायचं, त्यांना प्रश्न कसे विचारायचे, हे संचालक होणाऱ्या बायकांना आजपासून शिकावं लागेल. अर्धवेळ तज्ज्ञाबरोबरचं वर्ष म्हणजे त्याची तालीम समजू या.

करारात काय असावं, हे मी पुढच्या बैठकीसाठी लिहून काढलं आहे. सिमकार्ड गटाच्या कामासाठी वेगळं घ्यायचं आणि ते गटाच्या पेटीत राहील. वेबसाइटचं नाव, विक्रीची सगळी खाती, नकाशावरची नोंद आणि पैसे घेण्याचा क्यूआर गटाच्या नावावर आणि गटाच्या ई-मेलवर असेल. तज्ज्ञाला काम करण्यापुरता प्रवेश द्यायचा आणि तो काढून घेण्याचा अधिकार आपला. बँकेच्या ओटीपीला तो हात लावणार नाही. पासवर्ड एका वहीत लिहून ती वही कुलपात, आणि कुलपाच्या किल्ल्या दोघींकडे. गिऱ्हाइकांची नावं, पत्ते, नंबर ही गटाची ठेव आहे. ती दुसऱ्या धंद्याला वापरायची नाही. २०२३ साली वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला, त्याचं सूत्रही हेच, की काम दुसऱ्याकडून करून घेतलं तरी जबाबदारी धंदा करणाऱ्याची. कुठलीही वस्तू किंवा सेवा तज्ज्ञाने सुचवली तर तिच्यात त्याची दलाली आहे का, हे त्याने आधी सांगायचं. दर महिन्याला काय केलं, किती खर्च झाला, किती विक्री झाली, हे मराठीत, एका पानावर, बैठकीत वाचून दाखवायचं. आणि सर्वांत महत्त्वाचं, सहा महिन्यांत आमच्यातल्या दोघी तयार व्हायला हव्यात. त्यातली एक ती लेखनिक मुलगी. करार संपला तर त्या दिवशी दुकान बंद पडता कामा नये.

काही जणी म्हणाल्या, एवढ्या अटी घातल्या तर कोण येईल? जो खरा जाणता आहे त्याला या अटी जड वाटणार नाहीत असं माझं म्हणणं आहे. चांगला मुनीम तिजोरीची किल्ली मागत नाही. तो वही मागतो. पूर्वी घरातली म्हातारी कोठाराची किल्ली कनवटीला लावून झोपायची. तिला लिहिता येत नव्हतं, पण कोठारात किती पोती आहेत हे तिला पाठ असायचं. सुनांना ती किल्ली देत नसे, हा तिचा दोष आपण जरूर सांगू. आपण मात्र दोघी-तिघींना देऊ, आळीपाळीने देऊ. पण ती घराबाहेर जाऊ द्यायची नाही, एवढं तिच्याकडून घेण्यासारखं आहे.

बैठक पुढच्या आठवड्यात आहे. निर्णय काय होईल मला माहीत नाही. अठरा हजारांना अजून विरोध आहे, आणि अडीच हजार वाढवायलाही विरोध आहे, हे मला जास्त खुपतं. मी दोन्हींच्या बाजूने हात वर करणार आहे, पण क्रम मात्र सोडणार नाही. आधी त्या मुलीचे तास, मग तज्ज्ञाचे दिवस.

तुमच्या गावात, तुमच्या गटात हे काम कोण करतं? तिला किती मिळतं? आणि गटाचा पासवर्ड या क्षणी कोणाच्या फोनमध्ये आहे? मैत्रिणींनो, हे वाचून झाल्यावर आधी तेवढं बघा, आणि जे दिसेल ते आम्हाला जरूर लिहून कळवा.